शुभेच्छुकांचा स्लायडर

आता मधे कुणी बोलू नका, मला सलग सांगू द्या, कारण गेला आठवडाभर मी माणसांशी बोललेच नाहीये. फोन उचलायचा, 'रीफ्रेश करून बघा' म्हणायचं, ठेवायचा. परवा आईने जेवायला हाक मारली तर तिलाही तेच म्हणाले.

तर मनस्वी. कॉलेजला आपल्या मागच्या बाकावर असायची ती, नेऱ्याची, दादूशेठची मुलगी. गाढी नदीच्या अंगाला त्यांची आंब्याची वाडी आहे ना, त्यात तिच्या बाबांनी फार्महाऊस बांधलं. चार खोल्या, पुढे ओटा, मागे छोटा स्विमिंग पूल. बांधलं आणि कुलूप लावून ठेवलं. मनस्वी म्हणाली, मी चालवते. बाबा म्हणाले, या उन्हाळ्यात एक तरी कंपनीची पिकनिक आणून दाखव, नाही आली तर विचुंब्याच्या कॅटरिंगवाल्याला भाड्याने देऊन टाकतो. तो कॅटरिंगवाला रोज सकाळी फोन करायचा. आणि जागा त्याच्याकडे गेली की मनस्वीने घरी बसून पोहे करायचे आणि बघायला आलेल्यांना द्यायचे, हे घरात कुणी बोलत नव्हतं पण सगळ्यांना ठाऊक होतं.

वेबसाइट मी केली. ते फुकट मिळणारं सॉफ्टवेअर असतं ना, थीम टाकायची, प्लगइन टाकायचे, तसली. पण छान केली होती बरं का, मराठी फॉन्ट होता, आंब्याखालच्या खाटेचा फोटो होता. आणि तिचा उपयोगही झाला, बेलापूरच्या एका कंपनीच्या किशोरी मॅडमचा मनस्वीला फोन आला. चाळीस माणसं, दोन दिवस, पूल पाहिजेच. साइटवरचे फोटो साहेबांना दाखवते, म्हणाल्या, आणि शुक्रवारी कन्फर्म करते.

सोमवारी मॅडमनी साहेबांच्या कम्प्युटरवर साइट उघडली आणि स्क्रीन लालभडक. धोका, या साइटवर घातक प्रोग्राम आहे, ताबडतोब बाहेर पडा. साहेबांनी मॅडमकडे बघितलं, मॅडमनी मनस्वीला फोन केला, मनस्वीने मला.

मी माझ्या पीसीवर उघडली. व्यवस्थित. खाट, आंबा, सगळं जागच्या जागी. मनस्वीच्या घरी व्यवस्थित. स्टेशनजवळच्या सायबरमध्ये जाऊन उघडली, तिथे एका कम्प्युटरवर व्यवस्थित आणि शेजारच्यावर लाल. म्हणजे एक अँटीव्हायरस म्हणतो ठीक आहे, दुसरा म्हणतो पळा. आता कुणाचं ऐकायचं? मॅडमच्या ऑफिसात नेमका पळा म्हणणारा.

इकडे हे दादूकाकांना कळलं. व्हायरस वगैरे त्यांनी बाजूला ठेवलं, त्यांच्या डोक्यात एकच गेलं, की आपल्या जागेच्या नावापुढे कुणीतरी 'धोका' लिहिलंय. मला फोन. "मोनाली, हा त्या पलीकडच्या फार्महाऊसवाल्याचा काम हाय. मना नाव सांग फक्त." मी म्हटलं, काका, माणूस नाहीये, सॉफ्टवेअर आहे, ते आपोआप लिहितं. तर म्हणाले, "आपोआप कसा लिवल? त्याचा ऑफिस कुठं हाय ते बोल, चार पोरा घेऊन जातो." मी त्यांना सांगितलं की त्या अँटीव्हायरसच्या कंपनीला फॉर्म भरून कळवलंय. ते खोटं नव्हतं, मी खरंच भरला होता, 'तुमचा अँटीव्हायरस उगाच ओरडतोय' असा, आणि लगेच उत्तरही आलं होतं, की तुमचा अर्ज मिळाला, कृपया हा ईमेल वाचून उत्तर देऊ नये.

साइट ज्यांच्या सर्व्हरवर ठेवलीय त्या होस्टिंगवाल्यांना फोन केला. त्यांच्याकडचा मुलगा फार गोड बोलला. ब्राउझरची कॅश क्लिअर करा मॅडम. केली. ब्राउझर बदला मॅडम. बदलला. मग म्हणाला, तुमचं सगळं जुनं झालंय, सगळं अपडेट करून घ्या, बहुतेक त्यानेच होईल.

झालं. मी 'सगळं अपडेट करा'चं बटण दाबलं.

ती रेघ पुढे सरकायला लागली आणि अर्ध्यात आमचं ब्रॉडबँड गेलं. आलं तेव्हा साइटवर एकच ओळ: देखभालीसाठी साइट थोडा वेळ बंद आहे, जरा वेळाने या. जरा वेळाने आले, तेच. जेवून आले, तेच. आता जिथे लाल येत नव्हतं तिथेही काहीच येत नव्हतं. मनस्वीचा फोन, अगं आता तर सगळीकडेच बंद झाली. मी म्हटलं, हो, निदान आता सगळ्यांना सारखं दिसतंय. ती हसली नाही.

मग शोधून शोधून कळलं, की अपडेट करताना ते सॉफ्टवेअर स्वतःच एक फाइल बनवून ठेवतं, दुकानाच्या दाराला 'लगेच येतो'ची पाटी लावतात तशी, आणि अपडेट मधेच मेलं की पाटी काढायला कुणी परत येत नाही. सर्व्हरवर जाऊन ती फाइल उडवली. साइट आली. आली ती कशी आली, तर थीमही अपडेट झालेली, त्यामुळे मी जे जे हाताने बदललं होतं ते सगळं गेलं. मराठीच्या जागी चौकटी चौकटी. आणि आमची आंब्याखालची खाट जाऊन तिथे एक बर्फाचा डोंगर आणि हातात कॉफी घेतलेली गोरी बाई. नेऱ्याला! दादूकाकांनी ती बघितली आणि मनस्वीला विचारलं, ही कोण, हिचं बुकिंग हाय का.

बुधवारपर्यंत मी सगळं परत लावलं, फॉन्ट, खाट, सगळं. आणि सायबरमध्ये जाऊन बघितलं, तर लालच. खरं सांगते, तिथेच कीबोर्डवर डोकं ठेवलं मी.

मग मी ते अपडेट वगैरे सोडलं आणि एकेक फाइल घेऊन बसले. एक फाइल काढायची, बाकीची साइट दुसऱ्या पत्त्यावर टाकायची, सायबरवाल्याच्या कम्प्युटरवर बघायचं. लाल. पुढची. लाल. असं करत करत एक फाइल काढली आणि लाल गेलं. परत ठेवली, लाल आलं. सापडली.

आणि ती फाइल माझी नव्हतीच. मी ती टाकलेलीच नव्हती. तिच्यात एक स्लायडर होता, म्हणजे फोटो एकामागून एक सरकतात ते. पहिल्या पानाच्या पार तळाशी, जिथवर मी कधी गेलेच नव्हते, 'शुभेच्छुक' असं लिहून, गावातल्या तीसेक लोकांचे फोटो. गॉगल लावलेले, गळ्यात चेन, फोन कानाला. आपल्याकडे वाढदिवसाच्या बॅनरवर असतात ना, डिट्टो.

मी मनस्वीला विचारलं. ती म्हणाली, हरेशने टाकले असतील. हरेश तिचा आतेभाऊ, साइटचा पासवर्ड दादूकाकांनी त्याला दिला होता, का तर घरातला मुलगा आहे. मी तशीच रिक्षा करून नेऱ्याला गेले. ओट्यावर दादूकाका, मनस्वी आणि हरेश. हरेशला म्हटलं, हा स्लायडर आणला कुठून. म्हणाला, नेटवरून, फ्रीमध्ये होता. मी त्याला समजावलं, की ज्याने हा बनवलाय त्याने कुणी चोरू नये म्हणून आतला कोड असा गुंडाळून ठेवलाय की कुणालाच वाचता येत नाही. वाईट काहीच नाहीये त्यात. पण अँटीव्हायरसला वाटतं, तोंडाला फडकं बांधून आलाय म्हणजे चोरच.

हरेश म्हणाला, "त्यात कोण चोर हाय? सगळी आपलीच मानसा हायेत."

मी म्हटलं, बरं बाबा, माणसं राहू देत, फक्त स्लायडर काढते. सगळ्यांचे चेहरे एका साध्या चित्रात लावून देते, बॅनरसारखे.

तर हरेश सावरून बसला. दादूकाकांनी पण पान चघळायचं थांबवलं. मला कळेना झालं काय. मग हरेशने मला विचारलं, अगदी शांतपणे, "पयला फोटो कुनाचा लावशील?"

आता बघा. या पोराने बॅनर का नाही केला, स्लायडरच का आणला, तर बॅनरवर कुणीतरी वर येतं, कुणीतरी खाली, कुणाचं डोकं मोठं, कुणाचं बारीक. गावदेवीच्या जत्रेच्या बॅनरवर काशिरामशेठचा फोटो दुसऱ्या ओळीत गेला होता, तर त्या वर्षी दोन घरं एकमेकांच्या हळदीला गेली नव्हती. आणि स्लायडर फिरत राहतो. थोडा वेळ थांबलं की प्रत्येक जण पहिला येतो. म्हणजे अँटीव्हायरस ज्याला व्हायरस म्हणत होता, त्याच्यावर गावातली शांतता चालली होती. मला हसू पण आलं आणि रडू पण. मी म्हटलं, मग फोटोच नको, सगळेच काढू. तर दादूकाका म्हणाले, "लावला नसता तर एक वेळ चाललं असतं. लावून काढला म्हंजे अपमान हाय."

आणि स्लायडरमध्ये काशिरामशेठही होते, आणि ते म्हणजे साधं प्रकरण नाही. पूल भरायला पाणी त्यांच्याच टँकरने येतं. वाडीकडे जाणारा रस्ता त्यांच्याच शेताच्या कडेने जातो.

म्हणजे फोटो ठेवले तर कंपनी नाही, काढले तर पाणी नाही. दादूकाका म्हणाले, जाव दे, त्या कॅटरिंगवाल्याला फोन लावतो, कटकट नको. आणि खरंच खिशातून फोन काढला.

मनस्वी उठली, माझ्या मांडीवरचा लॅपटॉप स्वतःकडे घेतला आणि म्हणाली, "बाबा, पहिला तुमचा काढते."

दादूकाकांचा पण फोटो होता ना त्यात, फेटा बांधलेला. ती म्हणाली, "तुमचाच नाही म्हटल्यावर कोण बोलणार आहे? आणि बोलले तर माझं नाव सांगा. जागा मी चालवते."

आतून कुकरची शिट्टी झाली. दादूकाकांनी फोन परत खिशात टाकला आणि म्हणाले, "काढ."

मनस्वीने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला, कारण कसं काढायचं ते तिला माहीत नव्हतं.

मी ती फाइल उडवली, मॅडमच्या अँटीव्हायरसवाल्यांना परत फॉर्म पाठवला, आता फाइलच नाहीये, आता तरी बघा. गुरुवार गेला. शुक्रवारी दुपारपर्यंत मी मॅडमना इतक्या वेळा रीफ्रेश करायला लावलं की त्या म्हणाल्या, अहो, मला इथे दुसरं पण काम असतं. आणि चहाच्या वेळेला त्यांचाच फोन, लाल गेलं, साहेबांनी फोटो बघितले, खाट आवडली, बुकिंग पक्कं, सोमवारपासून दोन दिवस. मी लगेच मनस्वीला फोन करून सांगितलं, तर ती म्हणाली, परत सांग. मी परत सांगितलं.

संपलं असं वाटलं ना? मलाही वाटलं. शनिवारी सकाळी टँकर आलाच नाही.

हरेशने फोन केला तर ड्रायव्हर म्हणाला, शेठनी नाय सांगितलंय. पूल कोरडा, सोमवारी चाळीस माणसं येणार, आणि मॅडमनी पूल दोनदा बजावून सांगितलेला. मनस्वी म्हणाली, मी जाते. दादूकाका म्हणाले, तू थांब, तिथं मीच जायला पायजे. तरी ती गेलीच मागोमाग, आणि मला पण ओढलं, का तर कुणी टेक्निकल विचारलं तर.

काशिरामशेठ अंगणात खुर्ची टाकून बसले होते. बसा म्हणाले, पण तोंड फिरवून. चहा आला. तो पिऊन झाला. कैऱ्यांवर बोलणं झालं, नव्या रस्त्यावर झालं. मी घड्याळ बघतेय, मनस्वी मला चिमटा काढतेय. मग दादूकाकांनीच विषय काढला. म्हणाले, त्या कम्प्युटरवर सगळ्यांचे फोटो काढावे लागले, कंपनीवाल्यांचं मशीन घेत नव्हतं. माझा पण काढला. पोरीने पयला माझाच काढला.

काशिरामशेठनी मान वळवली. "पयला तुमचा?"

"माझाच."

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "मंग माझा कवा काढला?"

दादूकाकांनी माझ्याकडे बघितलं. मनस्वीने माझ्याकडे बघितलं. अरे, काय सांगू मी? एक फाइल होती, एक बटण दाबलं, सगळे एका झटक्यात गेले, पहिला-शेवटचा काही प्रकारच नाही त्यात. हे सांगायला मी तोंड उघडलंसुद्धा.

"शेवटी," मनस्वी म्हणाली. "तुमचा सगळ्यात शेवटी काढला, काका. तुमच्यानंतर कुणी उरलंच नव्हतं."

काशिरामशेठ खुर्चीत नीट मागे टेकले. मग ड्रायव्हरला हाक मारली आणि म्हणाले, दोन फेऱ्या टाक, एकीत पूल भरायचा नाय.