भिंतीपलीकडे पेगी

चोरी तुम्ही केलीत. चारशे वर्षांपूर्वी मॅकथोरन घराण्याने मॅकलूअन घराण्याची गुरं पळवली की नाही, हे आज कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण टॉर्किल मॅकथोरनची बायकोशेजारची जागा भरदिवसा पळवली गेली, आणि ती तुमच्या समितीने पळवली, गरम खोलीत बसून, चहात बिस्किटं बुडवत. वर तुम्ही त्याला वारसा म्हणता.

टॉर्किल ऐंशीच्या पुढचा. घर खाडीच्या काठावर, समोर पाण्यात मेलेल्यांचं बेट. बेटाच्या मधोमध एक बुटकी दगडी भिंत. उत्तरेला मॅकथोरन पुरायचे, दक्षिणेला मॅकलूअन. त्याची बायको पेगी माहेरची मॅकलूअन. मार्चमध्ये ती गेली.

ती असताना त्या घरातली सकाळ ठरलेली होती. टॉर्किल शेगडीत पीट, वाळवलेल्या जळाऊ मातीचे तुकडे, घालायला वाकला की मागून आवाज यायचा, "काय रे गुरंचोरा, आमची गुरं कधी आणून देतोस?"

"आधी आमचं चर्च जाळलंत त्याचं बोल."

"जाळलं कुठे? तुमचं चर्च इतकं गळकं की नीट पेटलंसुद्धा नाही. नुसता धूर झाला."

मग चहा. साठ वर्षं हेच. लग्नाच्या दिवशी तिच्या बापाने चर्चच्या दारात उभं राहून बायकोला ओरडून सांगितलं होतं, "अगं, जावई घरी येतोय, गोठ्याला कुलूप घाल!" सगळी मंडळी हसली होती. वैर उरलं होतं ते एवढंच. त्यातलं रक्त कधीच वाळून गेलं होतं आणि चेष्टा तेवढी ओली राहिली होती.

आता सकाळी पीट घालताना पाठीमागे कोणी बोलत नाही. एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "आधी चर्चचं बोल." स्वयंपाकघरात घड्याळ टिकटिकत होतं. तो तसाच वाकलेला राहिला. जगात आता त्याला चोर म्हणणारं कोणी उरलं नव्हतं, आणि नुसता 'मिस्टर मॅकथोरन' होऊन जगायला त्याला येत नव्हतं.

बेट पूर्वी जमीनदाराचं होतं. त्याने ते विकलं आणि समिती आली. भिंत तेव्हा इतकी ढासळलेली होती की मेंढ्या चरता चरता एका घराण्यातून दुसऱ्यात जायच्या. समितीने ती नव्याने रचली. धक्क्यावर तिकीटखिडकी बसवली. मग एक गोड मुलगी आवाज टिपायचं यंत्र घेऊन टॉर्किलच्या घरी आली. पेगी ओटच्या भाकऱ्या थापत होती.

"आजी, ते वैर अजून जिवंत आहे का हो?"

पेगीने चेहरा दगडासारखा केला. "जिवंत? मेले तरी त्या चोरांच्या बाजूला पडणार नाही मी."

मुलीचे डोळे मोठे झाले. तेव्हा मात्र पेगीला राहवलं नाही. ती खदखदून हसली, पिठाचं फडकं टॉर्किलवर भिरकावलं आणि म्हणाली, "इथे रात्रभर ह्याचं घोरणं ऐकते, तिथे जाऊन पुन्हा ऐकू? पण आलाच बिचारा माझ्या बाजूला, तर सरकेन हो थोडी."

त्या मुलीनेही हसून भाकरी खाल्ली. आणि आता बेटावर भिंतीपाशी एक खांब आहे, खांबाला हिरवं बटण. दाबलं की पेगी बोलते, "मेले तरी त्या चोरांच्या बाजूला पडणार नाही मी." संपलं. हसणं नाही, फडकं नाही, सरकणं नाही.

पेगीला पुरलं तेव्हा टॉर्किलला ह्यातलं काही सुचलं नाही. मॅकलूअनांच्या बाजूला तिची आई होती, तिच्याशेजारी खड्डा खणला होता, ते त्याला बरंच वाटलं. इकडच्या रिवाजाप्रमाणे शवपेटीला आठ दोऱ्या होत्या आणि डोक्याकडची दोरी नवऱ्याची. ती त्याने धरली. दोरी हातातून सरकत गेली, भार संपला, आणि दोरी सोडायची वेळ आली तेव्हा मेव्हण्याला, फेरखरला, त्याची बोटं एकेक करून उघडावी लागली.

घरी परतल्यावर व्हिस्कीच्या दुसऱ्या पेल्याला टॉर्किल म्हणाला, "तिच्या डाव्या हाताची जागा माझी."

"ये की दाजी," फेरखर म्हणाला. "आमची कुणाचीच ना नाही. फक्त येताना गुरं घेऊन ये."

दोघं हसले. हसता हसता फेरखरने तोंड फिरवलं.

मॅकलूअनांची ना नव्हती. ना होती ती तुमची. समितीच्या बाई स्वतः त्याच्या घरी आल्या, येताना केक आणला.

"टॉर्किल, समजून घ्या. चारशे वर्षांत एकही मॅकथोरन त्या भिंतीपलीकडे पुरलेला नाही. लोक तेच बघायला इतक्या लांबून येतात."

"मी साठ वर्षं भिंतीपलीकडेच झोपत होतो, बाई."

त्या हसल्या नाहीत. "आणि पेगींची इच्छाही आपण मानायला हवी ना? त्यांच्याच आवाजात आहे."

"मग पुढचंही ऐकवा. ती पुढे काय म्हणाली ते."

"पुढचं ठेवलेलं नाही हो. बटणात तेवढंच मावतं."

केक त्याने खिडकीत ठेवला. तो तिथेच सुकला.

त्यानंतर हवा बरी असली की फेरखर त्याला होडीतून बेटावर सोडायचा आणि स्वतः काठाशी गळ टाकून बसायचा. टॉर्किल पेगीच्या दगडापाशी उभा राहायचा. दगडावर तिचं माहेरचंच नाव, इकडे सगळ्याच बायकांच्या दगडांवर असतं तसं. मग तो खांबापाशी जायचा आणि बटण दाबायचा. ती म्हणायची, मेले तरी. तो पुन्हा दाबायचा. दुसरा आवाज नव्हताच तिचा कुठे. बायको जवळ नको म्हणते हे ऐकायला एक म्हातारा खाडी ओलांडून जात होता, कारण त्या वाक्यात 'चोर' हा शब्द होता आणि तो शब्द त्याचा होता.

ऑगस्टमध्ये मेळा भरला. कॅनडाहून, न्यूझीलंडहून दोन्ही घराण्यांचे वंशज आले, चौकडीचे नवेकोरे किल्ट घालून. बॅगपाइप वाजले. दोन्हीकडच्या म्होरक्यांनी भिंतीवरून हात मिळवले. दरवर्षी मिळवतात, म्हणजे दरवर्षी पुन्हा वैरी व्हावं लागतच असणार. टॉर्किल जुना कोट घालून मॅकथोरनांच्या बाजूला, कडेला उभा होता. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाचा एक लालबुंद मॅकलूअन त्याचं नाव ऐकून धावत आला आणि त्याला कवटाळून रडायलाच लागला.

"आम्ही तुम्हाला माफ केलं!"

"कशाबद्दल?"

"गुरांबद्दल!"

किती महिन्यांनी कोणीतरी गुरांचा विषय काढला होता. टॉर्किलने वाट बघितली, हा माणूस आता डोळे मिचकावेल, चर्चचं काहीतरी बोलेल. पण तो माणूस खरंच माफ करत होता. त्याच्या तोंडावर चेष्टेचा मागमूस नव्हता.

"मेव्हण्या," टॉर्किल फेरखरला म्हणाला, "मला भिंतीवरून चढव."

"दाजी, गुडघा मोडेल."

"मोडू दे."

फेरखरने त्याला कमरेला धरून पलीकडे उतरवला. पाइप थांबले होते. टॉर्किल पेगीच्या डाव्या बाजूला, गवतावर जाऊन उभा राहिला आणि टोपी काढली.

"ही माझी बायको," तो मोठ्याने म्हणाला. "मी मॅकथोरन. मला इथे पुरा. तिचे भाऊबंद तयार आहेत. पुराल का?"

मग त्या लालबुंद माणसाने टाळी वाजवली. त्याच्यामागे सगळ्यांनी. कार्यक्रमाचाच भाग वाटला त्यांना. बायका डोळे पुसत होत्या, फोन वर झाले होते, आणि समितीच्या बाई, ज्यांना सगळं माहीत होतं, त्याही टाळ्या वाजवत होत्या. टॉर्किल टोपी हातात धरून टाळ्या थांबायची वाट बघत राहिला. त्या थांबल्या तेव्हा पाइप पुन्हा सुरू झाले.

धक्क्यावर बाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "फार हृदयस्पर्शी होतं. आपण नंतर बोलू."

आता ऑक्टोबर सरला. तिकीटखिडकीला फळ्या ठोकल्या आहेत. पाणी चढलं आहे, फेरखरची होडी उलटी करून ठेवली आहे. टॉर्किल दुपारी खिडकीपाशी बसतो, खोकला लागला की खुर्चीचा हात घट्ट धरतो. पुढचा ऑगस्ट तो बघेल असं गावातला डॉक्टरही म्हणत नाही.

ज्यांचं वैर होतं त्यांनी ते हसून संपवलं होतं. तुम्ही ते उकरून काढलंत, कारण मेलेली भांडणं जिवंत माणसांपेक्षा चांगली खपतात. असो. तुमच्याकडे दगड आहेत, तिकिटं आहेत, ठराव आहेत. त्याच्याकडे एकच प्रश्न होता आणि तो त्याने सगळ्यांसमोर विचारला. टाळ्यांना उत्तर म्हणत नाहीत. तो मेल्यावर होडी निघेल, तेव्हा ती कुठल्या काठाला लावायची हे फेरखरला आत्ताच कळायला हवं. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, पण त्याच्या दारात येऊन, त्याच्या तोंडावर म्हणा. कधी येताय?