वाघाचं तोंड कुठे?

"दिसला," नात म्हणाली. "चला आता."

तिच्या बापाने, म्हणजे माझ्या मुलाने, लगेच पाण्याची बाटली पिशवीत टाकली. सकाळपासून त्याचं एकच टुमणं, आई, गर्दी वाढतेय, पोरं दमलीत, निघू या. हत्ती झाला, जिराफ झाला, पाणघोडा नुसता नाकापुरता झाला. धाकट्या नातवाला, आमच्या भोपळ्याला, या सगळ्यांपेक्षा कचऱ्याच्या डब्यावरचा कावळा जास्त आवडला होता. पण मी आले होते ती वाघासाठी. वाघ बघायचाय, असं पोरीने स्वतःच्या तोंडाने मागितलं होतं, आणि ती काही मागणाऱ्यातली नाही.

तिची नजर कडेकडेने विझत चालली आहे. मोठ्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, यावर औषध नाही, दाखवायचं ते आत्ताच दाखवून घ्या. त्या दिवशी मुलगा दवाखान्याच्या जिन्यात बसून रडला. मी नाही रडले. मला राग आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

वाघ कठड्याखालच्या खोलगट आवारात, पार पलीकडच्या टोकाला झुडपाच्या सावलीत आडवा पडला होता. तो मलाच धड दिसेना, तर हिला काय दिसणार? जन्म गेला माझा डोळ्यांच्या दवाखान्यात, तक्त्याशेजारी छडी घेऊन उभं राहण्यात. भलेभले तिथे थापा मारतात. बाहेर बाकावर बसून पुढच्याची अक्षरं ऐकतात, पाठ करतात आणि आत येऊन घडाघडा म्हणतात. लहान मुलांचा तक्ता वेगळा. त्यावर तीन दांड्यांची खूण असते, दांड्यांची टोकं ज्या बाजूला, त्या बाजूला हात करायचा. तो खेळ नात माझ्याकडूनच शिकली होती.

"हात कर," मी म्हटलं. "वाघाचं तोंड कुठल्या बाजूला?"

तिने जरा वेळ घेतला आणि डावीकडे हात केला. तोंड उजवीकडे होतं.

"मला फसवतेस होय गं?"

"तू लंगडतेस, आजी," ती हळूच म्हणाली. "म्हणून म्हटलं."

वाटलं, जाऊ दे, पोरीचं मन राखावं नि घरी जावं. मग म्हटलं, छे. आमच्यासाठी खोटं 'दिसलं' म्हणायची सवय हिला आत्तापासून लागली, तर जन्मभर तेच करत बसेल. मी समोरच्या बाकावर फतकल मारली. मुलाला सांगितलं, तुला जायचं तर खुशाल जा, आम्ही वाघ बघून येऊ. म्हातारी हट्टाला पेटली की कुणाच्या बापाचं ऐकत नाही, असं तो पुटपुटला. पण गेला नाही.

रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, बंद व्हायच्या आधी वाघाला आत घेतात, तेव्हा तो या कठड्याखालूनच जातो, पण तोवर कुणी थांबत नाही. आम्ही थांबलो. बिस्किटं संपली. भोपळ्या माझ्या मांडीवर झोपला. ऊन उतरायला लागलं तसा माझा जीव टांगणीला लागला, कारण कमी उजेडात हिला काहीच दिसत नाही. ऊठ रे मेल्या, असं मी मनातल्या मनात त्या वाघाला शंभरदा तरी म्हटलं असेल.

शेवटी लोखंडी दार सरकल्याचा आवाज आला. वाघ उठला, त्याने आळस दिला आणि सरळ आमच्या दिशेने आला. भिंतीवर अजून पिवळं ऊन होतं. तो आमच्या पायांखाली आला तेव्हा त्याच्या मिशासुद्धा दिसल्या.

नात कठड्याला चिकटून उभी होती. मी काहीच विचारलं नाही. तिनेच हात वर केला, उजवीकडे. बरोबर होतं. वाघ थबकला, हात थबकला. वाघ वळला, हात वळला. मुलगा वाघ बघतच नव्हता, तो त्या हाताकडे बघत होता.

वाघ आत गेला, मागून शेपटी गेली, दार लागलं. भोपळ्या जागा होऊन कुठंय, कुठंय म्हणून विचारायला लागला. रखवालदाराने निघायची शिट्टी वाजवली. नातीचा हात अजून त्या बंद दाराकडेच होता. खाली घे, असं मी तिला सांगितलं नाही.