पंपाचा ठोका आणि शहाणी माणसं

मित्रांनो, मी एक जुना अ‍ॅम्प आहे. एवढं वाचूनच तुमच्या घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाने नाक मुरडलं असेल. मुरडू द्या. मी आयुष्यात इतकी मुरडलेली नाकं पाहिली आहेत की आता सरळ नाकाचं माणूस दिसलं तर मलाच चुकल्यासारखं वाटतं.

ज्यांना अ‍ॅम्प ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. गिटारचा किंवा माईकचा बारीक आवाज माझ्या पोटात येतो आणि मोठा होऊन बाहेर पडतो. आवाज कोणाचा, सभ्याचा की असभ्याचा, हे मी विचारत नाही. ते विचारायला वरच्या मजल्यांवर माणसं ठेवलेली असतात.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. पेटी सुताराने बनवली, पोटातली तारेची वेटोळी एका बाईने गुंडाळली आणि वरून काळं रेक्झिन चढवलं गेलं. मालकाने माझ्या डोक्यावर थाप मारली आणि म्हणाला, "माल दणकट आहे." माझ्या वाट्याला आलेलं हे पहिलं कौतुक. असं रोजच मिळेल असं मला तेव्हा वाटलं होतं. भाबडा होतो.

पहिली नोकरी एका बड्या हॉटेलात लागली. तिथे सुटाबुटातला एक गायक हळुवार प्रेमगीतं गायचा. ऐकणारेही कडक इस्त्रीचे. पण दोन पेले पोटात गेले की त्यांची इस्त्री उतरायची. एकाने बशी भिरकावली, एकाने सासऱ्याची कॉलर धरली, आणि एक कारखानदार तर माझ्यावरच ओकला. तरी हळुवार प्रेमगीतांनी माणसं बिघडतात असं एकाही शहाण्याने कधी म्हटलं नाही. गायक कलावंत, ओकणारा रसिक, आणि पुसायला सफाईवाला होताच.

पुढे हॉटेलात चकचकीत दिव्यांचा नवा अ‍ॅम्प आला आणि माझी रवानगी जुन्या सामानाच्या दुकानात झाली. मोडका मिक्सर आणि चाकं नसलेली बाबागाडी यांच्यामध्ये मी किती काळ धूळ खात पडलो ते मलाच आठवत नाही. मग एके दिवशी एक पोरगा आला. त्याचे केस साळिंदराच्या काट्यांसारखे उभे होते आणि जाकिटावर ठिगळंच ठिगळं. त्याने मला वायर जोडली, माझ्या जाळीला कान लावला आणि दुकानदाराला म्हणाला, "याच्यात अजून जीव आहे." मला फार बरं वाटलं. माझ्याकडे कान लावून ऐकणारा तो पहिलाच.

त्याची आई शिवणकाम करायची. एका पाच मजली इमारतीत तळमजल्यावर तिचं दुकान होतं आणि कापडाचे गठ्ठे ठेवायला तळघरातली एक खोली तिने इमारतीकडून भाड्याने घेतली होती. त्या खोलीच्या कोपऱ्यात मला जागा मिळाली. इमारतीतल्या लोकांनी पोराच्या केसांवरून त्याचं नाव साळू पाडलं होतं. तो पंक वाजवायचा. पंक म्हणजे मोजके सूर, भरपूर वेग आणि मनातला राग. त्याच्या धाकट्या बहिणीला घरी टकळी म्हणत, कारण तिचं तोंड मिटत नसे. ती रॅप करायची, म्हणजे ठेक्यावर शब्द बसवून बोलत जायची. टकळीला दुसरं काय शोभणार?

आता मी या दोघांना डोक्यावर घेऊन नाचणार असं तुम्हाला वाटत असेल, तर तसं नाही. साळू चहाचे कप माझ्या डोक्यावर ठेवून विसरायचा आणि त्यांत बुरशी धरायची. गिटारही त्याची यथातथाच होती. टकळी मात्र अस्सल. उशिरा येणाऱ्या बसवर, अर्ध्याच मिळालेल्या पगारावर, जिन्यात अडवून "लग्न कधी?" विचारणाऱ्या बायकांवर ती गाणी रचायची. एका गाण्यात एक शिवीही होती. ती तिने दुसऱ्या मजल्यावरून उचलली होती. तिथल्या सेक्रेटरीबाई इस्त्रीवाल्याला रोज तीच घालत.

या दोघांचं घर म्हणजे एक खोली. तिथे जोरात शिंकलं तरी शेजारी भिंत ठोकत. टकळीला मोकळ्या गळ्याने बोलायला जगात एकच जागा होती, हे तळघर.

इमारतीचा कारभार दोघांच्या हाती होता. एक या सेक्रेटरीबाई आणि दुसरे अध्यक्ष, एक निवृत्त साहेब. खुर्ची सुटली होती, साहेबी सुटली नव्हती. रॅप म्हणजे गुंडांचं गाणं आणि पंक म्हणजे नशेबाजांचं, हे दोघांना पक्कं ठाऊक होतं. कुठे वाचलं? कुठेच नाही. कोणीतरी मोबाईलवर पाठवलं होतं. जिन्यात कोणाची चप्पल हरवली, की तळघर. लिफ्टच्या आरशाला तडा गेला, की तळघर. एकदा सेक्रेटरीबाईंच्या मांजरीला पिल्लं झाली, तेव्हाही त्यांनी खाली संशयाने पाहिलं होतं.

आई मात्र गप्प राहायची. वरची सगळी तिची गिऱ्हाइकं आणि खोली इमारतीची. कोणी बोलायला आलं की ती तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायची, "सांगते हं मी त्यांना," आणि पुन्हा मशीनवर वाकायची.

मग पहाटेचा ठोका सुरू झाला. आमच्या खोलीला लागून पाण्याच्या पंपाची खोली होती. पहाटे वरची टाकी भरायला पंप लागायचा. पूर्वी तो शहाण्या बाळासारखा गुणगुणायचा. आता त्याच्यात एक दणका शिरला. ठक, ठ-ठक. ठक, ठ-ठक. तो दणका पाइपातून चढत पाचव्या मजल्यापर्यंत जायचा आणि सगळ्यांची साखरझोप मोडायचा. पंप तपासावा असं एकालाही वाटलं नाही. उगाच कष्ट कशाला, गुन्हेगार आधीच ठरलेला होता. म्हणे, ही पोरं पहाटे उठून सराव करतात. मित्रांनो, साळूने पहाट फक्त कॅलेंडरवरच्या चित्रात पाहिली होती.

एका सुटीच्या दिवशी दुपारी अध्यक्ष आणि सेक्रेटरीबाई तळघराची पाहणी करायला उतरले. दोघांच्या नाकाला रुमाल. आई पाठोपाठ आली, गळ्यात मोजपट्टी तशीच. दार उघडताच सेक्रेटरीबाई किंचाळल्या. कोपऱ्यात उभा होता आईचा लाकडी पुतळा, ज्याच्यावर ती कपडे चढवून बघायची. त्या दिवशी साळूने आपलं जाकीट त्याला घातलं होतं.

"डोकं नाहीये त्याला!" सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"पुतळा आहे काकू," टकळी म्हणाली. "तुमचा ब्लाउज यालाच घालून बघते आई."

अध्यक्षांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते टेबलाशी वाकले होते. टेबलावर पांढरी पूड सांडली होती. त्यांनी तिच्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि डोळे मिटले. सिनेमातले पोलीस करतात ना, अगदी तसंच.

"हेच ते," ते दबक्या आवाजात म्हणाले. "मला बघताक्षणीच कळलं."

"काका, तो खडू आहे," साळू म्हणाला. "शिवणाचा. कापडावर खुणा करायचा."

"मला शिकवू नकोस," असं म्हणत अध्यक्ष रुमालात थुंकले. त्यांच्या जिभेवर खडूचा पट्टा उमटला होता. मी आयुष्यात पुष्कळ मूर्ख पाहिले, पण पुरावा चाटून बघणारा हा एकच.

सुटीमुळे घरोघरी धुणं निघालं होतं. वरची टाकी लवकर रिकामी झाली आणि पंप दुपारीच सुरू झाला. ठक, ठ-ठक.

"बघा! बंद करा ते आधी!" अध्यक्ष माझ्याकडे बोट दाखवून ओरडले.

साळूने माझी वायर उचलून त्यांच्यापुढे धरली. "काका, अ‍ॅम्प बंद आहे. प्लग माझ्या हातात आहे."

अध्यक्षांनी प्लगकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "हल्ली सगळं बिनवायरचं निघालंय. मला माहीत नाही होय?"

टकळी पुढे झाली. तिचा आवाज त्या दिवशी अगदी नरम होता. "काका, हा आवाज पंपाचा आहे. त्याचा ठेका बिघडलाय. आधी असा होता, ऐका." तिने टेबलावर बोटांनी सरळ ताल धरला. "आणि आता मध्येच एक ठोका जास्त पडतो, असा. आतलं काहीतरी सैल झालंय. दिवसेंदिवस वाढतंय." तिने तो लंगडा ठोका वाजवून दाखवला, तोंडाने मोजूनही दाखवला. ठेका तिच्या अंगात मुरलेला. पंपाचं दुखणं तिला ऐकूनच समजलं होतं.

"झालं सुरू हिचं गाणं!" सेक्रेटरीबाई म्हणाल्या.

"गाणं नाही हो काकू, मी पंपाचं..."

"एक शब्द ऐकायचा नाही मला!" त्यांनी दोन्ही कानांवर हात दाबले. अध्यक्षांनीही दाबले. कान झाकून दोघं जिना चढले. शेवटच्या पायरीवरून अध्यक्षांनी वळून निकाल दिला, "महिनाअखेर खोली रिकामी करा."

दार लोटल्यावर टकळी आईकडे वळली. "आई, तू एक शब्द बोलली नाहीस."

"काय बोलू?" आई गठ्ठ्याची गाठ सोडून पुन्हा बांधत म्हणाली. "सगळी गिऱ्हाइकं आहेत ग. तोंड उघडलं तर खायचं काय?"

टकळी त्यानंतर गायली नाही. मला तिचा राग समजत होता. परके कान झाकतात तेव्हा राग येतो. आपलं माणूस मान खाली घालतं तेव्हा गळाच बसतो.

महिनाअखेर यायच्या आधीच पंपाने निकाल लावला. सकाळी आई दुकान उघडत होती, पोरं खाली गठ्ठे बांधत होती. एकदम मोठा आवाज झाला, पंपाजवळचा पाइप सुटला आणि टाकीचं सगळं पाणी तळघरात कोसळायला लागलं. बघता बघता ते माझ्या जाळीपर्यंत आलं. साळूने मला उचलायला हात घातला. तेवढ्यात टकळी ओरडली, "दादा, आधी गिऱ्हाइकांचे कपडे!"

त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मला सोडून दिलं. गुंड आणि नशेबाज म्हणवली गेलेली ती दोन पोरं गुडघाभर पाण्यातून वरच्यांचे ब्लाउज, पँट आणि शाळकरी पोरांचे गणवेश डोक्यावर घेऊन जिने चढत राहिली. मी बुडालो. वाईट वाटलं का? वाटलं. पण त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

दुपारी प्लंबर आला. त्याने पंप खोलला, बेअरिंग काढून बघितलं आणि म्हणाला, "हे कधीचं गेलंय. ग्रीसचा पत्ताच नाही. रोज ठोकत असणार. कोणाला ऐकू नाही आलं?"

सगळी इमारत रिकाम्या बादल्या घेऊन जिन्यात उभी होती. अध्यक्षांनी घसा साफ केला. "आवाज येत होता. म्हणजेच बघा, यांच्या त्या धांगडधिंग्याच्या हादऱ्याने बेअरिंग गेलं. मी म्हणतच होतो."

प्लंबरने तोंड उघडलं आणि मिटलं. त्याला बिल याच माणसाकडून घ्यायचं होतं. सेक्रेटरीबाईंनी मान डोलावली, मागच्यांनीही डोलावली. टकळी ओलीचिंब उभी होती. ज्या मुलीचं तोंड मिटत नसे, तिचं तोंड या माणसांनी मिटवलं होतं.

आणि मग आई बोलली.

"माझ्या पोरीने सांगितलं होतं. ठोका वाजवून दाखवला होता. तुम्ही कान झाकलेत."

"ताई, शब्द जपून," अध्यक्ष म्हणाले.

"इतकी वर्षं जपलेच की साहेब. दर वर्षी पँट सैल करायला आणता आणि मी म्हणते, कापड आटलंय. काकू, तुमच्या ब्लाउजला दर खेपेला जास्तीचं कापड जोडते आणि म्हणते, कापडच वाईट, आटतं. या जिन्यातल्या एकेकाला मी हेच सांगत आले." तिने गळ्यातली मोजपट्टी काढून अध्यक्षांच्या हातात ठेवली. "कापड कधीच आटलं नव्हतं. घरी जाऊन मोजा."

जिन्यात पाण्याचा थेंब पडला असता तरी ऐकू आला असता, पण थेंब होता कुठे? मागे उभ्या असलेल्या एका आजोबांना हसू आवरेना. टकळीने आईचा हात धरला तो सोडलाच नाही.

खोली गेली, आणि वरची गिऱ्हाइकं तुटली तसं दुकानही गेलं. आईने दुसऱ्या रस्त्यावर मिळालं तसं दुकान घेतलं. गिऱ्हाईक कमी आहे, पण दुकान बंद झालं की टकळी तिथे मोकळ्या गळ्याने गाते आणि आई बटणं लावता लावता ऐकते. शिवी आली की म्हणते, "ही जरा लांबली, कापून टाक." मी कोपऱ्यात असतो. माझा आवाज गेला तो गेलाच. साळूने पेटी उन्हात वाळवली, पण पोटातली तार गंजली. आता माझ्यावर कपड्यांचे गठ्ठे ठेवतात. कप मात्र साळू अजूनही विसरतो.

परवा तो प्लंबर पँट आखूड करायला आला होता. त्या इमारतीत नवा पंप बसला, त्यालाही कोणी ग्रीस घालत नाही आणि तोही आता ठोकायला लागला आहे, असं सांगत होता. समितीची तातडीची बैठक झाली म्हणे. तिसऱ्या मजल्यावर नवा भाडेकरू आला आहे, त्याच्या कानात बाळी आहे. सगळ्यांचा संशय त्याच्यावरच आहे.

मित्रांनो, वस्तूंना जपा. मशीनला तेल घाला, पंपाला ग्रीस द्या, अ‍ॅम्पवर ओला कप ठेवू नका. आणि कोणाच्या गाण्याला नावं ठेवायची असतील तर खुशाल ठेवा. मलाही साळूची सगळी गाणी आवडत नव्हती. पण मी ती ऐकली होती. आधी ऐका, मग नावं ठेवा. एवढंही जमत नसेल, तर निदान खडू तरी चाटू नका.