जोडलेले हात

"हाक मारली तर ह्या चेडवाच्या तोंडातून ओ येत नाय! शंभर वेळा सांगा, आपलाच खरा करतला!" बांद्याच्या मैदानावर दोरीपाशी बसून काशीबाई शेजारच्या बायकांना नातीची गाऱ्हाणी ऐकवत होती. नात संचिता संघाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. म्हातारी आरोंद्याहून सॉफ्टबॉल बघायला पहिल्यांदाच आली होती.

शेवटचा डाव. धावा सारख्या. समोरच्यांच्या मुली तिन्ही बेसवर उभ्या आणि संचिताचे तीन बॉल वाया गेलेले. चौथा गेला की फुकटची धाव, आणि सामना गेलाच.

संचिताचं तोंड उतरलं होतं. काशीबाईला राहवेना. पेरणीची पहिली मूठ असो की एसटीची पायरी, हात जोडल्याशिवाय पुढे व्हायचं नाही, ही तिच्या घरची रीत. ती ओरडली, "आधी हात जोड गो! देवाक सांग!"

संचिताने वळून पाहिलं. मग पिचरच्या पांढऱ्या पट्टीवर पाय ठेवून चेंडूसकट हात जोडले, तशीच कॅचरची खूण बघितली आणि चेंडू सोडला. समोरची बॅट हवेतच फिरली. काशीबाईने टाळ्या पिटल्या.

पण पंचाचा हात आधीच आडवा झाला होता.

"पट्टीवर उभं राहून खूण घेताना हात वेगळे हवेत. जुळवायचे ते नंतर. बॅट फिरली तरी हा चौथा बॉलच धरला जाईल."

तिसऱ्या बेसवरची मुलगी चालत होम बेसवर आली आणि सामना गेला. काशीबाईने हात पदराआड घेतले.

संघाला शिकवणारे गुरुदास सर तणतणत आले. "दोन वर्षं शिकवतोय! आज कोणी सांगितलं हात जोडायला?"

"कोणी नाय, सर. माझाच चुकला."

शेजारणी काशीबाईकडे बघू लागल्या. भर बाजारात मासळीवालीला गप्प करणारी ती, आज शेजारणींची नजर चुकवू लागली. घरात ओ न देणाऱ्या पोरीने चारचौघांत तिचा शब्द झेलला होता, आणि तिचं नावही घेतलं नव्हतं. वाटलं, गपचूप उठावं आणि एसटी धरावी.

ती उठली, पण दोरीखालून वाकून मैदानात शिरली.

"सरांनू, चेडवाक बोलू नकात. ओरडलंय ता मी."

मग नातीकडे वळली. आवाज बाजारातल्यासारखा खणखणीत होता.

"आणि तू गो! जल्मात आयकलंस नाय, ता आजच आयकूचा होता? खेळ तुका कळता, माका नाय. परत ह्या पट्टीवर माझा आयकलंस, तर माझ्या घराची पायरी चढू नको!"