चोंदलेल्या नाकाचा पाणघोडा

"बाबा, सरका ना. काका बोलतायत," मुलगी म्हणाली.

टीव्हीवर काका नव्हते, गब्दू नावाचा पाणघोडा होता. तो तिच्या बाबाने केला होता. खेळण्यांच्या कारखान्यात बाबा साचेवाला होता. मेणात गब्दूच्या गालाची घडी कोरताना आखडलेली मान अजून सरळ झाली नव्हती. पण रबरी गब्दू दुकानांत धूळ खात पडला. खपावा म्हणून मालकाने त्याचं कार्टून काढलं आणि आवाजाला पॅकिंगमधला माणूस उचलला. त्याचं नाक जन्मापासून चोंदलेलं, एवढीच त्याची कला. तो साचेवाल्याचा साडू होता, हे साचेवाल्याचं नशीब.

आता गब्दू हातोहात खपत होता. लोक साडूला रस्त्यात अडवून गब्दूसारखं "बी आलो" म्हणायला लावत.

"धाकटीचं बघा," बायको म्हणाली. "नवऱ्याच्या नाकावर घर उभं राहिलं."

"मानेवर काही उभं राहत नाही," साचेवाला म्हणाला.

त्याच्या पोटात दुखे. मुलगी गब्दूला हसली की जास्तच.

शेवटी तो साडूकडे गेला. "साडूभाऊ, नाकाचं काहीतरी करा. श्वास आहे तर सगळं आहे."

साडूचे डोळे भरून आले. "बाझी एवढी काळजी कुणी केली दव्हती."

डॉक्टरकडे साचेवाल्यानेच नेलं. ऑपरेशन दुर्दैवाने उत्तम झालं. पुढच्या रेकॉर्डिंगला पाणघोडा बातम्या दिल्यासारखा बोलला. मालकाने साडूला परत पॅकिंगला धाडलं आणि नव्या आवाजासाठी जाहिरात दिली. कारखान्याच्या फाटकाशी गावभरचं पडसं रांगेत उभं राहिलं. काही जण नुसतेच मिरपूड हुंगून आलेले. त्यातून एक निवृत्त पोस्टमन निवडला गेला.

मुलीने टीव्ही बंद केला. "हा गब्दू नाही."

"अगं, तोच आहे. मी केलेला."

"तो नुसता दिसतो."

साडू आता भांडायला येईल, याची साचेवाला वाट बघत राहिला. साडू आला, पण जेवणाच्या सुट्टीत, डबा घेऊन. झाकण काढून बराच वेळ नुसताच हुंगत बसला. मग त्याने साचेवाल्याचा हात धरून नाकाशी नेला.

"साडूभाऊ, तुमच्या हाताला मेणाचा वास येतो. किती छान असतो हो. तुमच्यामुळे कळलं."

तो गेल्यावर साचेवाल्याने दार लोटलं आणि हात नाकाशी धरला. काहीच आलं नाही. मग त्याने दुसरा हात हुंगून पाहिला.