कात्री, वही आणि मी

मी एक जुना कॅमेरा आहे. माझ्या उजव्या बाजूचे रबर सुटले आहे, पुढच्या काचेवर आडवा ओरखडा आहे आणि आत एका कोपऱ्यात बुरशीचा पांढुरका ठिपका आहे. वडूजमधल्या एका टेलरच्या दुकानात, दोऱ्याच्या रिळांशेजारी माझी जागा आहे. मित्रांनो, तुम्हाला वाटेल, कॅमेऱ्याला कसली आली भीती? पण मला भीती वाटते. रस्त्यावर चार माणसांचा आवाज एकदम चढला, तरी मला वाटते, आता कोणीतरी माझा पट्टा ओढणार.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे स्क्रू एकेक करून बसवले. मग मी खोक्यात बंद झालो आणि डोळे उघडले ते थेट इस्लामपुरात, जयराज नावाच्या तरुण फोटोग्राफरच्या स्टुडिओत. तेव्हा मी त्या गल्लीतला सगळ्यात नवा कॅमेरा होतो. जयराजने मला पाच वर्षे लग्नांमधून फिरवले. अक्षता माझ्या काचेवर आपटायच्या, हळद माझ्या बटणांत जायची. मंडपात लोक जयराजला वाट करून द्यायचे. मला वाटायचे, हा मान माझाच आहे.

पुढे हलके, झटपट, व्हिडिओसुद्धा काढणारे कॅमेरे आले. जयराजने त्यातला एक घेतला आणि मला कपाटावर ठेवले, प्लास्टिकच्या फुलांच्या परडीमागे. तिथे मी चार वर्षे होतो. खाली कोणी बोलले की कान द्यायचो. माझे नाव निघत नसे.

एके दिवशी स्टुडिओच्या मागचा मोठा पडदा शिवायला वडूजहून एक टेलर आले. त्यांचे नाव यासीनभाई. वय पंचेचाळीसच्या पुढे, अंगाने किरकोळ, नजर सतत खाली. ते बोलायला लागले की शब्द जिभेवर अडकायचे. पहिले अक्षर तीन-चार वेळा यायचे आणि पुढचे येतच नसे. त्यामुळे वीस वर्षे ते दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर बसले. पुढे गिऱ्हाइकांशी बोलायचे, मापे घ्यायचे काम त्यांचे थोरले भाऊ हाफिजभाई करायचे. हाफिजभाई मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि यासीनभाईंना पुढे यावे लागले. गिऱ्हाईक विचारी, “कवा मिळंल?” आणि यासीनभाई घामाने भिजून जात. लोक थोडा वेळ थांबत, मग हळूच दुसऱ्या दुकानाकडे वळत.

पडदा टांगताना त्यांनी मला पाहिले. जयराजने सहज मला खाली काढून त्यांच्या हातात दिले. यासीनभाईंनी मला डोळ्याला लावले, बराच वेळ जयराजकडे पाहिले आणि म्हणाले, “शेठ, जरा खिडकीकडं बघता का?”

एकही अक्षर अडकले नाही. माझ्या आड तोंड लपले होते म्हणून असेल. जयराजच्याही ते ध्यानात आले. त्याने पडद्याच्या शिलाईच्या पैशांऐवजी मला यासीनभाईंना देऊन टाकले.

मग माझे दुसरे आयुष्य सुरू झाले. आठवड्यातून एक दिवस दुकान बंद ठेवून यासीनभाई मला गळ्यात आणि शिवणकामाची पिशवी खांद्याला अडकवून निघत. त्यांनी मनाशी ठरवले होते, त्या दिवशी एका तरी अनोळखी माणसाशी बोलायचे. सुरुवातीला ते एसटी स्टँडवर दोन-दोन तास नुसते उभे राहत. त्यांच्या तळहाताचा घाम माझ्या रबरात मुरत असे. कोणाजवळ जायला चार पावले टाकत आणि तीन मागे येत. त्यांना माणसांची भीती होती आणि ती मला पट्ट्यातून कळायची.

पण एकदा त्यांनी छत्र्या दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याला विचारलेच, फोटो काढू का म्हणून. म्हातारा हो म्हणाला आणि तारेची काडी वाकवता वाकवता आपल्या तीन मुलींची लग्ने सांगत बसला. त्या दिवशी यासीनभाई घरी येताना गुणगुणत होते. मग रोपे विकणारी बाई झाली, एसटीचा कंडक्टर झाला, बांगड्या भरणारा झाला. कोणी नाही म्हटले तर यासीनभाई मान हलवून मागे सरत. लहान मुलांचे फोटो ते आईबापांना विचारल्याशिवाय काढत नसत. हो म्हणणाऱ्याचे नाव आणि गाव एका वहीत लिहून घेत आणि पुढच्या आठवड्यात फोटो छापून नेऊन देत. हळूहळू लोक त्यांना लांबून हाक मारू लागले. दुकानातही ते मला गळ्यात घालूनच गिऱ्हाइकाचे माप घेत. लोकांना गंमत वाटायची, पण गिऱ्हाईक परत आले होते. त्या दोन वर्षांइतका मी कधीच सुखी नव्हतो.

मित्रांनो, आता जे सांगणार आहे ते सांगताना आजही माझे बटण अडकते.

गेल्या वर्षी आपल्या भागात सगळ्यांच्या फोनवर एक निरोप फिरू लागला. मुले पळवणारी टोळी आली आहे, त्यांच्याकडे कॅमेरा असतो, आधी फोटो काढतात आणि मग मूल उचलतात. कोणी पाठवला, कोणालाच माहीत नव्हते. कोणाचे मूल गेले, तेही कोणाला सांगता येत नव्हते. पण शाळा सुटायच्या वेळी आया फाटकाशी उभ्या राहू लागल्या. यासीनभाईंचा फोन साधा होता. त्यांना यातले काहीच कळले नाही.

त्या दिवशी आम्ही वडूजपासून तासाभराच्या अंतरावरच्या एका वाडीत उतरलो. तिचे नाव मी सांगणार नाही. एका दुपारवरून कोणत्याही गावाची ओळख ठरू नये असे मला वाटते. पिठाच्या गिरणीसमोर हरणाबाई नावाची सत्तरीतली म्हातारी बाजरीच्या पिठाच्या डब्यावर बसली होती. तिच्या भुवयांवर पीठ बसले होते. यासीनभाईंनी तिला विचारले. ती म्हणाली, काढ की, पर मला हसाय लावू नगंस. तिचा फोटो काढून, नाव लिहून आम्ही निघालो आणि त्याच वेळी शाळा सुटली.

मुले धावत आली. “माझा काढा, माझा काढा,” म्हणत त्यांनी आम्हाला घेरले. यासीनभाई मला छातीशी धरून नको नको म्हणत खाली वाकले. एका मुलीने त्यांच्या पिशवीचा बंद धरला होता. ती मुलगी आणि तो बंद एवढेच कोणीतरी लांबून पाहिले.

पहिली हाक कोणाची होती, ते मला कळले नाही. पाय वाजले. मुलांना कोणीतरी ओढून नेले. यासीनभाईंभोवती आधी पाच माणसे होती, मग पंधरा, मग मला मोजता येईनात. सगळ्यांच्या पुढे धनाजी होते. सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला उंच माणूस, गावात ज्याचा शब्द चालतो असा. त्यांनी माझा पट्टा धरला आणि एका हिसक्यात मला यासीनभाईंच्या गळ्यातून काढून घेतले.

“नाव काय तुजं? कुटनं आलास?”

यासीनभाईंनी तोंड उघडले. पण आता तोंडापुढे मी नव्हतो. पहिले अक्षर आले, तेच पुन्हा आले, तेच पुन्हा. मी त्यांचा चेहरा पाहत होतो. आपले नाव ऐकल्यावर ही माणसे आणखी बिथरतील की काय, ही भीतीही त्या अडकलेल्या अक्षरात होती. लोकांना वाटले, माणूस खोटे रचतो आहे. एकाने त्यांच्या थोबाडीत मारली.

दुसऱ्याने पिशवी पालथी केली. मापाची फीत पडली, खडू पडला आणि मग टेलरची ती लांब कात्री दगडावर आपटली. गर्दी एक पाऊल मागे सरली. मला तो आवाज पुढच्या ओरड्यापेक्षा जास्त भयंकर वाटला. मग कोणीतरी वही उघडून मोठ्याने वाचू लागला. नावे आणि गावे, नावे आणि गावे. “यादी हाय,” तो म्हणाला. “उचलायची यादी.”

मित्रांनो, जी वही दोन वर्षे माणसे जोडत होती, तीच त्या क्षणी फास झाली होती. मला ओरडून सांगावेसे वाटत होते. पण मला आवाज नाही. यासीनभाई खाली पडले होते, डोक्यावर हात घेऊन. मी धनाजींच्या एका मुठीत होतो आणि दुसरा हात त्यांनी उगारला होता. तेही घाबरले होते. त्यांची नात त्याच शाळेत होती.

तेवढ्यात गर्दीच्या पायांतून पिठाचा डबा सरकत आला आणि मागून हरणाबाई. तिने कोणाला ढकलले नाही. ती येऊन यासीनभाईंच्या शेजारी मातीत बसली, मांडी घालून. आता मारायचे तर तिच्यावरून हात न्यावा लागणार होता.

“काकू, बाजूला व्हा,” धनाजी म्हणाले.

“ह्यानं मला आदी इचारलं,” हरणाबाई म्हणाली. “फोटो काडू का म्हनून. तुमी एवढी मानसं हाय, त्याला कुनी काय इचारलं का? इचारलं तर उत्तर द्याला येळ दिला का?” मग तिने माझ्याकडे बोट केले. “त्यात मी हाय. बघ.”

धनाजींनी माझी बटणे दाबली. माझ्या पाठीवरच्या पडद्यावर हरणाबाई दिसली, भुवयांवर पीठ घेतलेली. आधीच्या फोटोंत कंडक्टर, बांगड्या भरणारा, रोपे विकणारी बाई. सगळी मोठी माणसे, सगळी माझ्याकडे पाहणारी. ते पाहत गेले आणि त्यांचा श्वास हळू होत गेला. इतक्यात मागून कोणाचा तरी धक्का बसला आणि मी त्यांच्या हातून दगडावर पडलो. माझ्या काचेवरचा ओरखडा तेव्हाचा.

गावचे पोलीस पाटील आले. त्यांनी नाव-गाव विचारून वडूजला फोन लावला आणि यासीनभाईंना स्वतः एसटीत बसवले. हरणाबाईने मला, कात्रीला आणि वहीला पदराने पुसून पिशवीत घातले. वाटेत यासीनभाई माझ्याकडे एकदाही पाहू शकले नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी मला चिंध्यांच्या पेटीत तळाशी ठेवले आणि झाकण लावले. आठ महिने मी अंधारात होतो. पावसाळ्याची ओल आत आली आणि माझ्या काचेत बुरशी धरली. बाहेर मशीनचा आवाज यायचा, माणसांचा यायचा नाही. यासीनभाई पुन्हा मागच्या खोलीत जाऊन बसले होते.

मग एका सकाळी दुकानात कोणीतरी हाक मारली आणि मशीन थांबले. तो आवाज मी ओळखला आणि पेटीत असूनही मला वाटले, आता पट्टा ओढला जाणार. ते धनाजी होते. एकटे.

दारातूनच त्यांनी सांगितले ते असे. त्या दुपारी कोणीतरी भिंतीवर बसून फोनवर सगळे टिपले होते. त्यात यासीनभाई खाली पडलेले दिसतात आणि वर हात उगारलेले धनाजी. हात उगारला होता, मारला नव्हता, पण त्या व्हिडिओत तो कायम उगारलेलाच आहे. तो सातारा, सांगली सगळीकडे फिरला. साताऱ्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीला, राजेश्वरीला, ऑफिसातल्या बाईने तो दाखवला. तेव्हापासून तिचा फोन आलेला नाही. रस्त्यात अनोळखी माणसाने पाहिले तरी आता त्यांना धास्ती वाटते, याने तो पाहिला असेल का.

“हरनाकाकू म्हनली, जा, त्यालाच जाऊन इचार,” ते म्हणाले. “माजा एक फोटो काडता का, लेकीला धाडाय? माफी मागाय तोंड न्हाई माजं. तरी मागतो.”

यासीनभाई उठले. पेटी उघडायला ते वळले नाहीत. मी आतच होतो, म्हणजे त्यांच्या तोंडापुढे काहीही नव्हते. त्यांनी बोलायला सुरुवात केली आणि पहिलेच अक्षर अडकले. पुन्हा अडकले. मी वाट पाहत होतो की धनाजी मधेच बोलतील, वाक्य पुरे करतील, सगळे करतात तसे. ते बोलले नाहीत. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज लांब जाईपर्यंत ते थांबले.

“फ-फोटोनं त्यो व्हिडिओ पुसत न्हाई,” यासीनभाई शेवटी म्हणाले.

“ठाव हाय.”

“ब-बसा मग.”

पेटी उघडली. उजेडाने मी दिपलो. यासीनभाईंच्या हाताला तोच जुना घाम होता. स्टुलावर बसलेल्या त्या उंच माणसाकडे पाहताना मला पट्ट्याचा तो हिसका आठवला. धनाजींनी विचारले, हसू का. यासीनभाईंनी नकारार्थी मान हलवली. धनाजी हात मांडीवर ठेवून बसून राहिले, आणि मी त्यांना टिपले. फोटोच्या एका कोपऱ्यात माझ्या बुरशीचा ढग आला आहे. बाकी सगळे स्वच्छ आहे. राजेश्वरीने फोन केला की नाही, हे मला माहीत नाही.

यासीनभाई आता पुन्हा बाहेर पडतात. पूर्वीइतके नाही. निघण्याआधी माझ्या पट्ट्याची गाठ दोनदा तपासतात. भीती गेलेली नाही, त्यांची नाही आणि माझीही नाही. आम्ही ती बरोबर घेऊन जातो.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कोणी पडून असेल तर त्याला कोरड्या जागी ठेवा, अधूनमधून ऊन दाखवा. आणि तुमच्या खिशातल्या फोनलाही डोळा आहे, हे विसरू नका. तो कोणावर रोखण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. कोणाविषयी काही वाईट पुढे धाडण्याआधीही विचारा. आणि विचारल्यावर समोरच्याचे पहिले अक्षर अडकले, तर घाई करू नका. तो ट्रॅक्टर लांब जाईपर्यंत धनाजी थांबले होते, तेवढे तरी थांबा.