पातळ पेज

वच्छलाबाईंनी पेज दुसऱ्यांदा फडक्यातून गाळली. लकव्याने आडव्या झालेल्या माणसाच्या घशात एखादं शीत अडकायचं, म्हणून एकही शीत राहू द्यायचं नाही, अशी त्यांची समजूत. वाटीत उरलं ते जवळजवळ पाणीच. गेले बारा दिवस त्या ते नवऱ्याच्या, केशवरावांच्या तोंडात चमच्या-चमच्याने सोडत होत्या, आणि या कामाला दुसऱ्या कुणाचा हात म्हणून लागू देत नव्हत्या.

उपकेंद्राची नर्स चंद्रकला बाजेशेजारी बसून थर्मामीटर पाहत होती. चार दिवसांपासून ताप हटत नव्हता.

तापाचं कारण मात्र घरात केव्हाच ठरून गेलं होतं. आठव्या दिवशी सून रत्नमालाने सासऱ्यांचं डोकं धुतलं आणि संध्याकाळी त्यांचं अंग तापलं. "गार पाणी वतलं हिनं," वच्छलाबाई म्हणाल्या. तेवढ्यावर मुलगा अंकुश बायकोशी धड बोलेनासा झाला. पाणी कोमट होतं, असं रत्नमालाने एकदाच सांगून पाहिलं. पण ते कुणी मानलं नाही.

"मावशी, यायचा खोकला कसा हाये?" चंद्रकलाने केशवरावांकडे पाहत विचारलं.

"खोकला? गेला ना!" वच्छलाबाईंचा चेहरा खुलला. "तीस वर्सं राईस मिलचा कोंडा खाल्ला यायनं. पहाटे हे खोकलले का शेजारची बेबीबाई उठून चहा मांडे. लकवा आला तवापासून एकदा खोकलले नाहीत. तेवढं एक बरं झालं."

चंद्रकला हसली नाही. तिने केशवरावांना उशांना टेकवून नीट बसवलं, अर्धा चमचा पाणी पाजलं आणि गळ्याला स्टेथोस्कोप लावून ऐकत राहिली.

"बाबाजी, आ म्हणा."

केशवरावांचा आवाज निघाला तो ओला, गुरगुरता. त्यांना स्वतःला त्याचं काहीच वाटलेलं दिसलं नाही. चंद्रकलाने पाठीवरही ऐकलं आणि नळी कानातून काढली.

"पाणी श्वासाच्या नळीत गेलं, मावशी. तुमाले-मले थेंब गेला तरी ठसका लागते. यायले लागला नाही."

"मंग चांगलंच झालं ना?"

"नाही ना. त्या नळीत कफ राह्यते, तो कचरा धरून ठेवते. अन् नस सांगते, काढ बाहेर. तवा खोकला येते. यायचा कफ हाये जागेवर, नस झोपली. आत काय जाऊन राहिलं ते यायले समजूनच नाही राहिलं. फुप्फुसाले सूज आली. ताप त्याचाच हाये."

"पण मी तं पेज देतो. पातळ, गाळून."

"पातळच पह्यले आत शिरते, मावशी." चंद्रकलाने आवाज उतरवला. "आता तोंडातून काहीच नका देऊ. आजच भंडाऱ्याच्या दवाखान्यात न्या लागते. गाडीले फोन लावतो मी."

ती अंगणात गेली. बारा दिवसांची माया अशी अंगाशी आली होती, आणि घरात ते अजून एकट्या वच्छलाबाईंनाच ठाऊक होतं. केशवराव चमच्याकडे पाहत तोंड उघडून वाट पाहत होते. वच्छलाबाईंनी वाटी बाजेखाली सरकवली.

चंद्रकलाचा फोन येताच अंकुश शेतावरून धावतच आला. बापाला पाहिलं आणि दाराशी उभ्या असलेल्या रत्नमालाकडे वळला.

"आता झालं समाधान? मनलं होतं तुले, डोकं नको धुवू..."

"तिले काही मनू नको," वच्छलाबाई म्हणाल्या. "माह्या पेजेनं ताप आला. सिस्टरले इचार."

अंकुशने अंगणातल्या चंद्रकलाकडे पाहिलं.

"अन् पाणी कोमटच होतं. बादलीत बोट बुडवून मीच पाह्यलं होतं तवा," वच्छलाबाई म्हणाल्या.

बाहेर चंद्रकला गाडीवाल्याला घराचा पत्ता सांगत होती.

"मले माहीत हाये, आई," रत्नमाला म्हणाली. "तुमी बोट बुडवलं तवा मी मागंच उभी होती."

आणि ती सासऱ्यांचे कपडे पिशवीत भरायला लागली.